दंडाची दोन मिनिटं

"झाली दोन मिनिटं. ऊठ," म्हणत व्हर्नाने दंडाच्या खोक्याचं दार उघडलं. टेस उठली नाही. हेल्मेटचा पट्टा सैल झालाय म्हणाली. मग हातमोजा. तिकडे तिचा संघ एक खेळाडू कमी घेऊन बर्फावर जीव तोडून खेळत होता आणि ही अकरा वर्षांची पोर मोज्याची बोटं सारखी करत बसली होती.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या या गावात मुलांच्या आइस हॉकीचं घड्याळ व्हर्ना बावीस वर्षं सांभाळत होती. तिची काचेची खोली दोन्ही संघांच्या खोक्यांच्या मधोमध. नियम मोडला की मूल दोन मिनिटं आत. आत बसलेली कार्टी तिचं डोकं खायची, "किती उरले? किती उरले?" टेसने एकदाही विचारलं नव्हतं. तरी दर शनिवारी दोनदा ती आत असायचीच. कुणाच्याही पायात काठी घालायची, आणि तीही पंचाच्या डोळ्यांदेखत!

"खेळायला आवडत नाही का गं तुला?" व्हर्नाने विचारलं.

"खूप आवडतं, आजी." टेसने समोरच्या गॅलरीकडे बोट केलं. "पण इथे बाबांचं ओरडणं ऐकू येत नाही."

आणि ती बर्फावर गेली.

व्हर्नाने गॅलरीकडे पाहिलं. समोर टेसचे बाबा, कर्टिस, उभे राहून घशाच्या शिरा ताणत होते. काचेआडून ते आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखे दिसत. माणूस वाईट नव्हता. पहाटे पाचला उठून पोरीला सरावाला आणायचा. फक्त तोंड आवरत नव्हतं.

मध्यंतरात प्रशिक्षक टेसला सगळ्यांसमोर म्हणाला, "आज आणखी एकदा आत गेलीस, तर मार्चपर्यंतचा उरलेला हंगाम घरी बसायचं." टेसने मान खाली घातली.

व्हर्ना शेजारी नोंदी लिहिणाऱ्या डोरीनकडे वळली. "तुझं डोकं दुखतंय. घरी जा."

"माझं डोकं ठणठणीत आहे."

"दुखतंय म्हटलं ना!"

मग ती गॅलरीत गेली. "कर्टिस, डोरीनला बरं नाही. नोंदी लिहायला भरवशाचा माणूस हवाय." कर्टिस फुशारून लगेच आले. व्हर्नाने काचेवर चिकटवलेला कागद दाखवला. या खोलीत बसणाऱ्याने कुठल्याही संघासाठी ओरडायचं नाही.

"एक शब्दही नाही?"

"हूं की चूं नाही."

खेळ सुरू झाला. कर्टिस पेन चावत होते. हात मांड्यांखाली दाबून बसले होते. टेसने सवयीने गॅलरीकडे पाहिलं. जागा रिकामी होती. मग तिला काचेमागे बाबा दिसले, तोंड मिटून बसलेले. ती क्षणभर थबकली आणि बर्फावरच्या चकतीमागे अशी सुटली की व्हर्नाला घड्याळाकडे बघायचीही आठवण राहिना. शेवटपर्यंत दंडाच्या रकान्यात टेसचं नाव आलं नाही.

कर्टिसनी पेनाला टोपण लावलं. छाती फुगवून म्हणाले, "बघितलंत व्हर्ना? आज मी जवळून नजर ठेवली, म्हणून पोरगी सरळ खेळली."

"अगदी खरंय," व्हर्ना म्हणाली. "आता दर शनिवारी इथेच बसा. डोरीनचं डोकं मार्चपर्यंत दुखणार आहे."