मल्हारीची सुट्टी

वाळूजचं घर म्हणजे एकच खोली. म्हणून फौजेतला मल्हारी सुट्टीवर आला, की त्याची माय महिनाभर गंगापूरला लेकीकडं जाऊन राहायची.

यंदा बायको हटूनच बसली, "बास झाली फौज, आता घरीच राहा." पेन्शन बसायला दोनच वर्षं उरलेली. सोडावी तर पेन्शन बुडते, राहावं तर बायको रडते. विचार करून करून मल्हारीच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्यानं मायलाच विचारलं.

"सोड की बाबा," गाठोडं बांधता बांधता माय म्हणाली. "लेकरू घरी आलेलं कुणाला नको?"

"मंग येऊ कायमचा?"

"ये ना!" म्हणताना तिचा हात गाठीवरच थांबला.

"पण मंग... मी गंगापूरहून माघारी कधी यायचं रं?"