सहा खिळ्यांची खिडकी

"दत्तराव, कूलर आणला का चूल पेटवली?" राणीसावरगावचे दिनकरराव उपरण्यानं मान पुसत म्हणाले.

दत्तराव ओशाळले. त्यांच्या पोरीची सोयरीक आज ठरायची होती. व्याह्यावर छाप पडावी म्हणूनच परभणीहून नवाकोरा कूलर आणला होता. तो बैठकीच्या मधोमध उभा राहून गुरगुरत होता आणि पाहुणे ओल्या गोणपाटाखाली कोंबल्यासारखे घामेजले होते. सुपारी ताटात तशीच पडलेली. दिनकररावांची नजर दोनदा जोड्यांकडं गेली.

शेवटी गावातच, चुडाव्यात, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या लिंबाजीला बोलावणं धाडलं. लिंबाजी बौद्ध. एरवी त्याला ओसरीखालीच थांबवला असता, त्या दुपारी थेट बैठकीत घेतला. उकाड्यात विटाळही वितळतो.

लिंबाजीनं कूलरला हातही लावला नाही. नुसती खोली पाहिली.

"मशीन चांगलं हाय. कोंडलेली हवाच पुन्हा पुन्हा वली करायलाय बिचारं. त्याला बाहेरची कोरडी हवा पायजे. ती खिडकी उघडा, तिच्यात कूलर बसवा. दार उघडं ठेवा, म्हंजे आतली हवा निघून जाईल."

दत्तरावांचा चेहरा उतरला. ती खिडकी बौद्धवस्तीकडं उघडायची. दहा वर्षांमागं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, वस्तीत निळा गुलाल उडाला, आणि दत्तरावांनी त्याच दिवशी खिडकीला सहा खिळे ठोकले. तिकडला आवाज नको, तिकडली हवा नको. विद्यापीठ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण "नावं अशी बदलत नसतात!" हे गावभर ओरडून सांगायला विद्यापीठ कशाला पाहावं लागतं?

"दुसरी खिडकी न्हाई का चालत?"

"दुसरी हाय कुठं?"

दिनकररावांनी एक पाय जोड्यात घातला.

"काढ रे खिळे!" दत्तराव ओरडले.

सहाही खिळे निघाले. कूलर खिडकीत बसला, पाठ वस्तीकडं करून. पाच मिनिटांत बैठकीत गार झुळूक फिरली. दिनकररावांनी जोडा काढला आणि लोडाला टेकले.

"वा! काय हवा हाय! कुणीकडली म्हणायची ही?"

दत्तरावांनी खिडकीकडं पाहिलं, मग सुपारीकडं.

"ही... ही आमच्या मळ्याकडली."

लिंबाजी बाहेरून टाकीत पाणी ओतत होता. कूलरच्या वरून त्याचं तोंड दिसलं.

"दत्तराव, विद्यापीठाचं दहा वर्सं झाली तरी तुमाला पचंना. हवेचं नामांतर मात्र एका दमात केलं की!"