हात लावू नये

“शुक्रवारी मुंबईच्या बाई येतील, बघतील, जातील. शनिवारी हा एसी माझ्या केबिनला लागेल,” देवव्रत मथुरे म्हणाला.

“शुक्रवार तर उजाडू द्या,” वल्लरी कर्णिक म्हणाली आणि सहा कुप्या फ्रीजच्या पुढच्याच फळीवर ओळीने मांडत राहिली.

महाडच्या एमआयडीसीतला हा कारखाना अंगदुखीच्या गोळ्यांची पावडर बनवी. देवव्रत त्याचा नवा संचालक. थोरल्या मथुऱ्यांचा मुलगा. पुण्याला व्यवस्थापन शिकून आलेला, त्यामुळे रसायनशास्त्राची भीती उरली नव्हती. वल्लरी औषधरसायनातली डॉक्टर. थोरल्यांनी तिला एक खोली, एक एसी आणि एक सरकारी अनुदान मिळवून दिलं, आणि मग ते वारले. इमारतीत एसी तेवढा एकच. म्हणून तिच्या संशोधनावर सगळ्यांचं बारीक लक्ष होतं.

संशोधन होतं आरएनएचं. आरएनए म्हणजे पेशीला धाडायची चिठ्ठी. ‘अमुक बिघडलेलं प्रथिन बनवणं थांबव’ असं यकृताला कळवायचं. चिठ्ठी लिहिणं २००८ सालापर्यंत जगाला जमलं होतं. पोचवणं जमत नव्हतं. वाटेत रक्तातच तिच्या चिंध्या होत. रक्ताचं सोडा, माणसाचं उघडं बोट लागलं तरी ती नासे. वल्लरीने त्या चिठ्ठीसाठी चरबीचा लिफाफा तयार केला होता, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा.

अनुदान समितीच्या डॉ. अनुपमा शुक्रवारी मुंबईहून येऊन तोच तपासणार होत्या. लिफाफा पास झाला तर आणखी तीन वर्षं काम. नाही तर खोली रिकामी.

वल्लरीने दारावर पाटी लावली: ‘बोट लागले तरी औषध नासते. हात लावू नये.’ दुसरी फ्रीजवर. तिसरी देवव्रतच्या केबिनसमोरच्या भिंतीवर.

खोली झाडणारी तुडीलची रंगूबाई कंबरेवर हात ठेवून पाटीकडे बघत राहिली.

“बाय, पाटी नव्हती तवा हिकडं कोन ढुंकत नव्हतं. आता कँटीनवाला पन इचारतोय, आत हाय तरी काय म्हनून.”

“विचारू दे.”

“आन् कुलूप घातलंत नि चावी भाईर खिळ्याला?”

“चावी जागेवर असलेली बरी, रंगूबाई. शोधाशोध नको.”

“माझं काय जातंय? एसी गेला तर मला पुसायला एक वस्तू कमी.” पण जाता जाता तिने पाटीवरची धूळ पदराने पुसली.

बुधवारी खंडेनवमी. बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत प्रत्येक यंत्राला मालकाने हळदकुंकू लावायचं, ही थोरल्यांपासूनची रीत. देवव्रत तबक घेऊन वल्लरीच्या दारात आला. मागे सगळा कारखाना.

“बाजूला व्हा, कर्णिक मॅडम. पूजा आहे.”

“दाराला लावा. फ्रीजला नाही.”

“ऑइल पंपाला चालतं, वजनकाट्याला चालतं, तुमच्या फ्रीजला काय सोवळं आहे?”

“आहे.”

“माझ्या कारखान्यात मला अडवताय?”

“अडवतेय.”

बॉयलरवरचा सयाजी हळूच म्हणाला, “बाय, येक टिकली तर लावायची हाय. घ्या की लावून.”

“नाही, सयाजी. फ्रीज उघडला जाईल, मग कुप्या हातात घेतल्या जातील.” तिने आवाज चढवला, अगदी पॅकिंगच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढा. “यांचं एक बोट त्या कुप्यांत बुडालं की माझी चार वर्षं संपली. साहेब, बुडवून तर बघा!”

देवव्रतचे कान लाल झाले. एवढ्या माणसांसमोर त्याला कुणी असं बोललं नव्हतं. त्याने दाराच्या चौकटीला कुंकू फासलं आणि तो निघून गेला.

वल्लरीच्या घरी नवरात्र होतं. चारच्या एसटीने ती पोलादपूरला गेली. सव्वाचारला देवव्रतने खिळ्यावरची चावी काढली. प्रसादाचा शिरा खाऊन झालेली, न धुतलेली करंगळी त्याने सहाही कुप्यांत एकेक करून बुडवली, बुचं घट्ट लावली, आणि चावी होती तिथे टांगली.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी डॉ. अनुपमा आल्या. देवव्रतने त्यांच्यासाठी शहाळं मागवलं आणि सगळ्या खातेप्रमुखांना तपासणी बघायला बोलावलं.

तपासणी सोपी होती. जेलीच्या चौकोनात थेंब सोडून वीज द्यायची. आरएनए शाबूत असेल तर ठळक पट्टी उमटते; फाटलेला असेल तर नुसता डाग.

पहिल्या तीन कुप्या तुलनेसाठी ठेवलेल्या, बिनलिफाफ्याच्या. त्यांचे तीन डाग पडले.

“अरेरे,” देवव्रत म्हणाला आणि त्याने मोबाइलवर एसीच्या मेकॅनिकचा नंबर काढून ठेवला.

पुढच्या तीन लिफाफ्यातल्या. डॉ. अनुपमा जेलीवर वाकल्या. मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. शेजारी शेजारी तीन ठळक पट्ट्या, रेघ मारल्यासारख्या.

“शक्यच नाही!” देवव्रत ओरडला. “पुन्हा तपासा! सहाच्या सहा कुप्यांत मी स्वतः करंगळी घातली होती!”

खातेप्रमुख एकमेकांकडे बघू लागले. वल्लरी जेलीकडे बघत होती.

“किती वेळ?” डॉ. अनुपमांनी विचारलं.

“काय किती वेळ?”

“करंगळी. रकाना भरायचाय.”

त्यांनी फाइलमधून समितीच्या आवक शिक्क्याचा कागद काढला. शिक्का महिन्यापूर्वीचा होता. वल्लरीने पाठवलेल्या चाचणी-योजनेतली शेवटची नोंद त्यांनी मोठ्याने वाचली:

“चाचणी क्रमांक चार. उघड्या मानवी बोटाचा संसर्ग. दिवस: खंडेनवमी. बोट: संचालक श्री. देवव्रत मथुरे. संबंधितांस पूर्वसूचना दिलेली नाही.”