पी. डब्ल्यू. चार

“ही दोन अक्षरं पानोपानी हाईत. आधी त्येंचा अर्थ सांगा,” शालूबाईंनी कागदावर बोट आपटलं.

आण्णाप्पांनी चष्मा नाकावर ओढला. कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. आता बेळगावच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली टेबल मांडून लोकांचे कानडी-इंग्रजी कागद मराठीत उलगडून सांगायचा.

“पी. डब्ल्यू. म्हणजे सरकारी बाजूचा साक्षीदार, आक्का. निकालात नाव नसतं, नंबर असतो.”

“आन् हे एम. ओ.?”

“मुद्देमाल. काठी, शर्ट, असलं सगळं.”

“आन् ए-वन?”

“आरोपी नंबर एक.” आण्णाप्पांनी ओळीवर बोट ठेवलं. “महादेव भरमा.”

“माझ्या पोराला नंबर नगो. नावानं बोला.”

चौदा वर्षांपूर्वी भावकीतल्या परशरामच्या खुनात महादेवला जन्मठेप झाली. गेल्या साली तुरुंगातच त्याचं काळीज थांबलं. निकालाच्या दिवशी वकील एवढंच पुटपुटला होता, “घरच्याच साक्षीनं घालवलं.” शालूबाईंना पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. घरचं म्हणजे दुसरं कोण? सून. रचनालाही कोर्टानं बोलावलं होतंच. त्याच संध्याकाळी त्यांनी तिचं गाठोडं अंगणात फेकलं. सात वर्षांच्या लेकीचा, तेजस्वीचा हात धरून रचना जांबोटीला माहेरी गेली. जाताना एक शब्द बोलली नाही.

आता उद्या तेजस्वीचा साखरपुडा. “आज्जी, तू आली न्हाईस तर मी पाटावर बसायची न्हाई,” असा पोरीचा फोन. पण घात करणाऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं शालूबाई महादेवच्या चितेसमोर बोलून बसल्या होत्या. म्हणून तर कोर्टातून निकालाची आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट जबान्यांची झेरॉक्स नक्कल काढली. नाव रचनाचं निघालं तर इथूनच माघारी. नाही निघालं तर दुपारची जांबोटीची गाडी. पिशवीत पोरीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं, पण ते त्यांनी कुणाला कबूल केलं नसतं.

नक्कल काढणार हे कळल्यावर रचनानं चौदा वर्षांत पहिल्यांदा फोन केला होता. “आत्या, त्यो कागद काढू नका. पाया पडते तुमच्या.”

“भ्यालीस व्हय गं?” म्हणून शालूबाईंनी फोन ठेवून दिला होता.

“तुम्हीबी आलता काय कोर्टात तेव्हा?” आण्णाप्पांनी पानं चाळत विचारलं.

“आलते तर! माझ्या नावानं समन्स आलतं. वकिलाच्या दारात शिकून घ्यायला गेले न्हाय. खऱ्याला शिकवणी कशाला लागती? जज्जाच्या डोळ्यात डोळा घालून सांगितलं, पोरगं माझं त्या राती दहाला घरी आलं, चिखलानं भरलंतं, मी पाणी तापवून दिलं, शर्ट धुतला, भाकरी खाऊन झोपलं. असलं पोरगं खून करतंय व्हय? आन् अंगठा न्हाय उठवला, सही केली. महादेवनंच शिकवलती, चौथीत असताना, पाटीवर. माझी ‘लू’ची शेपूट लई लांब जायची. हसायचा मुडदा. ‘आई, शेपूट आवर की, बैल हाय का त्यो?’”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

आण्णाप्पा हसले नाहीत. खाली बघून वाचू लागले.

“पी. डब्ल्यू. पाच. आरोपीची बायको. पुढं लिहिलंय, हॉस्टाईल. म्हणजे उलटली.”

“बघा! मी म्हणत न्हवते?”

“सरकारवर उलटली, आक्का. ‘मी काय बघितलं न्हाय, मला काय ठावं न्हाय.’ सरकारी वकिलानं फिरवून फिरवून विचारलं, पण नवऱ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही तिनं.”

शालूबाईंचा हात आपसूक पिशवीत गेला. लुगड्याची घडी त्यांनी नुसती चाचपली. चौदा दिवाळ्या त्या पोरीनं माहेरच्या भाकरीवर काढल्या होत्या. मग त्यांनी आवाज चढवला.

“मग घालवलं कुणी?”

“पी. डब्ल्यू. चार.” आण्णाप्पांचा आवाज बारीक झाला. “आरोपीचं म्हणणं होतं, खुनाच्या रात्री मी कणकुंबी गावाला पाव्हण्यांकडं होतो. चारच्या साक्षीनं ते खोटं ठरलं. जज्जसाहेब लिहितात, या साक्षीदाराचं आरोपीशी वैर असायचं काही कारण नाही. म्हणून साक्ष पुरती विश्वासाची.”

“वैर न्हाय म्हणं!” शालूबाई उभ्याच राहिल्या. “त्येच्या पोटचं त्येच्या डोळ्यादेखत जावं! कोण हाय त्यो? नाव सांगा.”

आण्णाप्पांनी कागद गोळा केले. त्यातलं एक पान कोपराखाली राहिलं.

“नावाचं पान नकलेत आलं न्हाई, आक्का. जावा तुम्ही, गाडी चुकंल. सुनेचा दोष न्हाई, एवढं पुरे की.”

“मला खुळी समजला व्हय, आण्णा? पानं मोजून घेतल्यात मी. एकोणीस.”

त्यांनी कोपराखालचं पान ओढून काढलं. वर तीच दोन अक्षरं होती, आणि पुढं चारचा आकडा. एसटीच्या पाट्या वाचून तेवढा त्यांना येत होता. मधलं सगळं कानडी. त्यातलं एक अक्षर लागेना. नजर ओळीवरून ओळीवर घसरत पानाच्या तळाशी गेली.

तिथं मराठीत एक सही होती. ‘लू’ची शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.