पालथं धरायचं

बुटांच्या खोक्यात खारीची चार पिल्लं होती. तीन एकमेकांवर चढत होती. चौथं कडेला सरळ पडलं होतं. टेबलाखाली एक कासव होतं आणि न्हाणीघरात, पंखाला पट्टी बांधलेली, एक घार.

"घारबाईसाहेबांनी बादली अडवलीय," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "दोन दिवस मी बिनआंघोळीची. लांब बस."

एरवी वरच्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी यावर खिदळली असती. शाळा सुटली की ती आधी इथे यायची, मग घरी. आज ती खोक्याकडे बघत नुसती उभी राहिली.

आजींनी चौथं पिल्लू उचललं, कानाशी धरलं आणि रुमालावर ठेवलं.

"छातीत दूध गेलंय. पालथं धरायचं, एक थेंब द्यायचा, थांबायचं. तुला शिकवलं मी, आणि चुकले मीच. रात्री मीच पाजलं ना! डोळ्यांना दिसत नाही, हात कापतो, आणि हौस बघा म्हातारीची."

काल संध्याकाळी आजी फोनवर होत्या. तीन पिल्लं मुलीने नीट पाजली होती. चौथ्याला, घरी आई धाकट्या भावाला पाजते तसं, उताणं धरलं. त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. तिने तो फ्रॉकने पुसला आणि पिल्लू बाकीच्यांच्या खाली सरकवलं.

"आजी, काल मी..."

"काल तू कमाल केलीस. माझा फोन संपायच्या आत चौघांचं उरकलंस. मला एकेकाला पाच मिनिटं लागतात."

"पण मी..."

"पणबिण काही नाही." आजींनी ड्रॉपर भरून तिच्या हातात दिला. "मी आता हात लावणार नाही. आजपासून तिघांची आई तूच."

चौथ्या पिल्लावर रुमालाची घडी घालून, ते आणि खुरपं घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या.

मुलीने सगळ्यात लहान पिल्लू पालथं धरलं. एक थेंब दिला. थांबली. बोटांखाली त्याची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तिने आणखी थोडी वाट पाहिली. मग दुसरा थेंब.

खुरप्याचा आवाज थांबला. आजी हात धुऊन आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

एक मिलिलिटर दूध संपायला एकेचाळीस मिनिटं लागली.