दोन मिनिटांचं काम

मंडपात अठ्ठेचाळीस खुर्च्या, चार उभे पंखे, पाण्याच्या बाटल्यांचे सहा खोके, एक चषक आणि एक फोटो. अँब्युलन्स एकही नाही. ताईने दोनदा मोजलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजायची तिची नोकरी. कुठेही गेली तरी डोळे आपोआप मोजायला लागत.

फोटो तिच्या धाकट्या बहिणीचा होता. ती आठशे मीटर धावायची. उंचीने सगळ्यांत लहान, म्हणून क्लबात तिला सगळे पिटुकली म्हणत. गेल्या वर्षी याच मैदानावर शर्यत जिंकून, अंतिम रेषा ओलांडून ती खाली पडली ती उठलीच नाही. एकोणीस वर्षांची होती. आज तिच्या नावाने पहिली शर्यत होती.

"पिटुकली या क्लबचं लेकरू होतं," अध्यक्ष माईकवर बोलत होते. "आमच्याकडून काहीही कमी पडलं नाही. ती पडली आणि दोन मिनिटांत स्ट्रेचर तिच्यापाशी पोचलं. दोन मिनिटांत! चौकशीतही तेच निघालं. आता आयुष्याची दोरीच तोकडी, त्याला आपण काय करणार?"

यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आईने हातातला रुमाल पिळला. त्या दिवशी आई आणि ताई दोघीही घरी होत्या. क्लबातल्या मुली नंतर येऊन रडत रडत वेगळंच सांगून गेल्या होत्या. पण चौकशीत मुलींना कुणी विचारलंच नव्हतं.

"आता पिटुकलीच्या ताई बार काढून शर्यत सुरू करतील," निवेदकाने पुकारलं.

मैदानाच्या दोन फेऱ्या, त्यामुळे ही शर्यत जिथून सुटते तिथेच संपते. त्या रेषेवर आठ मुली वाकून उभ्या होत्या. ताईने पिस्तूल हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, "बार झाला तरी पळू नका गं."

"का?" तिसऱ्या पट्ट्यातल्या मुलीने विचारलं.

"बघा तर."

बार झाला. धूर दिसताच पायऱ्यांच्या स्टँडवर बसलेल्या तिन्ही टाइमकीपरनी सवयीने घड्याळं दाबली. मुली जागच्या हलल्या नाहीत. ताईने मंडपाकडे तोंड केलं आणि घसा ताणून ओरडली, "सर, पिटुकली पडलीय! स्ट्रेचर आणा!"

कोचच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. कप खुर्चीवर ठेवला आणि निघाले. आधी चालत, मग पळत.

अध्यक्ष तरातरा रेषेपाशी आले. "हा काय पोरखेळ मांडलाय? पाहुणे यायची वेळ झाली. बाई, बंद करा ती घड्याळं!"

बाई म्हणजे मुख्य टाइमकीपर. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मान वर केली नाही. "सुरू केलेलं घड्याळ येणारा पोचल्यावरच थांबतं, साहेब. चाळीस वर्षं हेच करतेय. आता म्हातारपणी काय नवं शिकवता?"

"बसा हो साहेब," मागून आई म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम आहे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

प्रथमोपचाराच्या खोलीला कुलूप होतं. चावी ऑफिसात, असं क्लार्क म्हणाला. ऑफिसातला खिळा रिकामा. मग त्याला आठवलं, सकाळी जुडगा अध्यक्षांच्या ड्रायव्हरने नेला. ड्रायव्हर पाहुण्यांना आणायला गेलेला. फोन लागेना. लागला तेव्हा तो म्हणाला, पोचतोच, सिग्नलला आहे. एवढ्या वेळात पिटुकलीची अख्खी शर्यत झाली असती, आणि घोटभर पाणी पिऊन ती दुसरीही धावली असती.

"तेव्हाही असंच," तिसऱ्या पट्ट्यातली मुलगी म्हणाली. "मी होते ना. सगळे नुसते एकमेकांना चावी विचारत होते."

"कुठे पडली होती?" ताईने विचारलं. वर्षभर तिला हे कुणाला विचारवलं नव्हतं.

मुलगी रेषेच्या पुढे चार पावलं गेली. "इथे. अशी." आणि ती कुशीवर आडवी झाली.

धावपट्टी तापली होती. बाकीच्या सात जणी तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या, तिच्या अंगावर सावली पडेल अशा.

अध्यक्षांनी घाम पुसला. "बाळ, ऊठ. चटके बसतील."

"तिलाही बसले होते, साहेब," मुलगी पडल्या पडल्या म्हणाली.

अध्यक्षांनी मंडपाकडे पाहिलं. तिथे आता कुणी बसलेलं नव्हतं. सगळे उभे होते आणि सगळे प्रथमोपचाराच्या खोलीकडे बघत होते. गाडी आली, जुडगा आला, त्यातली तिसरी चावी लागली. आत स्ट्रेचरवर जुन्या खुर्च्या रचलेल्या होत्या. त्या एक एक करून बाहेर निघाल्या. मग कोच आणि ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि धापा टाकत ते त्यांनी मुलीच्या शेजारी टेकवलं. कोचना मुलीकडे बघवेना.

तीन अंगठे दाबले गेले.

हाताने लावलेली तीन घड्याळं सहसा एकच वेळ दाखवत नाहीत. तशा वेळी मधली धरायची, असा नियम आहे. बाईंनी तिन्ही पाहिली, निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि एरवी निकाल वाचतात त्याच आवाजात वाचलं :

"अकरा मिनिटं, अडतीस पूर्णांक चार सेकंद."