लेलँडीचं कुंपण

बेरिलने कात्री थेट कुंपणाच्या आतल्या तपकिरी लाकडात घातली आणि उघड्या खिडकीशी खुर्चीत बसलेल्या नॉर्मनच्या काळजात धस्स झालं.

तिथे नाही! हिरवं तेवढंच छाटायचं. लेलँडीच्या सूचिपर्णी झाडाच्या जुन्या लाकडाला पुन्हा पालवी म्हणून फुटत नाही. एकदा भोक पडलं की ते जन्माचं. लग्नानंतर घर घेतलं तेव्हा बेरिलला प्रिव्हेटच्या झुडपांचं कुंपण हवं होतं. ते कसंही कापा, बिचारं पुन्हा फुटतं. पण नॉर्मन हट्टाला पेटला. लेलँडी भराभर वाढते, म्हणाला. मग त्या वाढीपायी दर उन्हाळ्यात शिडीवर चढून घाम गाळणं आलं. बेरिलला मात्र त्याने कात्रीला हात लावू दिला नाही. अख्ख्या गल्लीत इतकं सरळ कुंपण दुसरं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा.

हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. बोलायला शिकवणारी तरुण बाई येऊन बशीचं, मांजराचं चित्र दाखवायची. त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून नुसतं 'अं' निघायचं. बाई तरीही शाबासकी द्यायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बेरिलने दुसरी फांदी तोडली. मग तिसरी. हिरव्या भिंतीला बादलीएवढं भगदाड पडलं आणि त्यातून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे दिसू लागले. नॉर्मनने डाव्या हाताने खिडकीची चौकट बडवली. तिने मान वळवून पाहिलं, हसली, आणि कात्री आणखी आत खुपसली. एवढी वर्षं कानीकपाळी ओरडून बाईच्या डोक्यात काही म्हणून शिरलं नव्हतं! संतापाने त्याचे डोळे भरून आले. उठताही येईना.

"थांब, गाढवे!"

कात्री गवतात पडली. मग बेरिल धावत खिडकीशी आली आणि चिकाने माखलेल्या हातांनी तिने त्याचा चेहरा धरला. ती रडत होती.

"तपकिरीला हात लावायचा नाही, ठाऊक आहे रे मला," ती म्हणाली. "परत म्हण. म्हणाला नाहीस तर पलीकडचंही झाड कापते."